व्हय म्हाराजा, अटी लागू

बा देवा म्हाराजा, अंधेरी पूर्वेच्या, चकाल्याच्या, सातव्या मजल्याच्या, बीनबॅगवाल्या म्हाराजा!

व्हय म्हाराजा.

तुझी ही लेकरं सोमवारी सकाळी डोकी खाजवत बसली आहेत. क्लायंट शाम्पू विकतो आणि त्याला समुद्र वाचवायचा आहे. तर ह्यांच्या डोक्यात काहीतरी घाल, आणि जे काय घालशील ते कासव नसू दे!

व्हय म्हाराजा.

हे मी मनात म्हणायचं ते मीटिंगमध्ये मोठ्याने म्हटलं. 'व्हय म्हाराजा'सुद्धा माझंच. आमचा क्रिएटिव्ह डायरेक्टर चैतन्य कासवाची तिसरी स्लाइड पुसत होता. तो थांबला.

"जान्हवी, हे काय होतं?"

"गाऱ्हाणं. आमच्या मालवणकडे देवाला घालतात. एक माणूस बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात."

"बाकीचे सगळे?"

"सगळे."

"प्रत्येक वाक्याला?"

"हो रे."

"म्हणजे एंगेजमेंट," चैतन्य म्हणाला, आणि बीनबॅगमधून उठायचा प्रयत्न करू लागला. त्याला उठायला वेळ लागला. तेवढ्यात कॅम्पेन तयार झालं.

स्लाइड १: कल्पना

फेनाली शाम्पू. जागतिक समुद्र दिनानिमित्त रील. किनाऱ्यावर एक वयस्कर कोकणी माणूस समुद्राला गाऱ्हाणं घालतो. खाली जो कोणी 'व्हय म्हाराजा' अशी कमेंट करेल, त्याच्या नावाने कंपनी समुद्र वाचवणाऱ्या एका संस्थेला पाच रुपये देईल. त्याखाली मुंगीच्या अक्षरात: अटी लागू. मुख्य अट अशी, की एका आकड्यानंतर कंपनी पैसे द्यायचं थांबवेल. लोकांनी व्हय म्हाराजा म्हणत राहायला हरकत नाही.

क्लायंटकडून हर्षदभाई आले. फेनालीचे मार्केटिंग हेड, मूळचे घाटकोपरचे. त्यांनी डोळे मिटून कल्पना ऐकली.

"यात रूट्स आहेत," ते म्हणाले. "पण एक कासव पाहिजे."

स्लाइड २: कासव

(क्लायंटच्या आग्रहाखातर.)

स्लाइड ३: चेहरा

आधी एक नट बोलावला. त्याने गाऱ्हाणं अशा ऐतिहासिक थाटात घातलं, जणू समुद्राने किल्ला खाली करून द्यावा. मग मी म्हटलं, माझा काका आहे.

माझा काका म्हणजे नंदू घाडीगावकर, राहणार नाहूर. आयुष्यभर लिफ्टचा मेकॅनिक. स्वतः चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. मीही त्याच्याकडेच राहते. भांडुपपासून मुलुंडपर्यंत कोकणातल्या कुणाची स्कूटर आली, सून आली, सीएचा निकाल आला, बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असला, की नारळ घेऊन काकाकडे. काका बनियनवर शर्ट चढवतो, मिशीला कलप लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. कलप कशाला, असं विचारलं तर म्हणतो, "देवाक ओळख पटाक व्हयी." साधा माणूस वगैरे अजिबात नाही. स्वतःचीच गाऱ्हाणी फोनवर रेकॉर्ड करून जेवताना ऐकतो. माईक दिसला की त्याच्या आवाजाला वळसे पडतात.

आणि आता त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं जूनमध्ये यायचं होतं. आमची इमारत पाडून टॉवर बांधायचा करार झाला होता. भूमिपूजनाला बिल्डर येणार, नाहूरमधली सगळी बडी माणसं येणार, आणि गाऱ्हाणं घालणार नंदू घाडीगावकर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे ठरलं होतं. चार मजले, बत्तीस बिऱ्हाडं, आणि एकमत झालेला तो आमच्या सोसायटीच्या इतिहासातला एकमेव ठराव.

एक नियम मात्र आहे, तो इथेच सांगून टाकते. गाऱ्हाण्यातली मागणी पुरी झाली नाही तर तो देवाचा प्रश्न. पण गाऱ्हाण्यात माणसाच्या नावाने देवाला शब्द दिलेला असतो, आणि तो शब्द मागे घेतला गेला, तर बोलणाऱ्याचं तोंड खोटं पडतं. मग त्याने परत गाऱ्हाणं घालायचं नाही. कुठेच नाही. स्कूटरलासुद्धा नाही.

"रीलवर?" काकाने विचारलं. "म्हणजे मुलुंडच्या दशरथाक पण दिसतला?"

मुलुंडचा दशरथ म्हणजे काकाचा प्रतिस्पर्धी. तो मोबाइलवर बघून गाऱ्हाणी वाचतो आणि त्याचं व्हिजिटिंग कार्ड आहे. कार्डावर 'गाऱ्हाणे सम्राट' आणि मागच्या बाजूला कॅटरिंग.

"सगळ्या जगाला दिसेल," मी म्हटलं.

"मेलो तो," काका म्हणाला.

जानकी काकू कांदा चिरता चिरता म्हणाली, "देवाचा गाऱ्हाणा शाम्पूसाठी? उद्या कपड्याच्या साबणासाठी कीर्तन करा."

"अगो, समुद्र काय कमी देव आसा? आणि चेडवाच्या नोकरीचो प्रश्न आसा."

हे मात्र खरं होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपत होतं. हे कॅम्पेन चाललं तर कायम करू, असं चैतन्यने मला दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा लिफ्टची वाट बघताना.

स्लाइड ४: शूट

वर्सोवा. उजाडता उजाडता.

पहिली अडचण म्हणजे किनारा स्वच्छ होता. आदल्याच दिवशी कुणीतरी तो साफ करून गेलं होतं. प्लास्टिकच्या विळख्यातला समुद्र दाखवायचा, आणि प्लास्टिक कुठाय? इव्हेंटवाल्या चंद्रप्रकाशने एक फोन केला. देवनारच्या बाजूला त्याचा एक भंगारवाला ओळखीचा होता. तासाभरात टेम्पोतून कचरा आला. धुतलेला. हर्षदभाईंना धुळीची ॲलर्जी होती.

"बाटल्या पुढे, पिशव्या मागे," चंद्रप्रकाश पोरांना सांगत होता. "आणि फेनालीचं काही दिसलं तर उचल रे बाबा."

उचलायला दोघंजण लागले. पुड्याच पुड्या. एक रुपयावाल्या.

काका तयार झाला. मिशी काळी कुळकुळीत. समोर पाट, पाटावर नारळ. मागे पंधरा-वीस ज्युनिअर कलाकार, 'व्हय म्हाराजा' म्हणायला. चैतन्यने स्क्रिप्ट दिली होती ती काकाने घडी करून खिशात टाकली.

"जान्हवी, ही कंपनी करता काय?"

"शाम्पू, काका. बाटल्या, पुड्या."

"हा." काकाने कचऱ्याकडे बघितलं. "समजला."

हर्षदभाई छत्रीखाली फोनवर होते. कॅमेरा चालू झाला आणि काका सुरू झाला. आता इथे दोन गोष्टी एकदम घडत होत्या, म्हणून दोन्ही लिहिते.

काका बोलला: "बा देवा समुद्रा, बारा गावच्या, बारा बंदरांच्या म्हाराजा! आज ह्या फेनाली नावाचा लेकरू तुझ्या पायाकडे इलासा!"
पडद्यावर आलं: हे सागरा, आम्ही तुझे ऋणी आहोत.

काका बोलला: "तेना आजपर्यंत कळत-नकळत ज्यो काय शाम्पूच्यो पुड्यो तुझ्या पोटात सोडल्यान, तो अपराध तू पदरात घे!"
पडद्यावर आलं: तुझी निळाई हीच आमची प्रेरणा.

काका बोलला: "पुढच्या वर्साच्या आत ह्या लेकरू पुड्यो बंद करतला! तसो शब्द ह्या नारळावर हात ठेवन देता! तो पाळूची बुद्धी तेका दी रे म्हाराजा!"
पडद्यावर आलं: चला, एकत्र बदल घडवूया. फेनाली.

"व्हय म्हाराजा!" ज्युनिअर कलाकार ओरडले. त्यातले निम्मे बिहारचे होते, पण काय ओरडले!

मी चैतन्यला कोपऱ्यात घेतलं. "अरे, तो वेगळंच बोलला. कंपनी पुड्या बंद करणार म्हणाला. देवासमोर."

"सबटायटल लॉक आहेत," चैतन्य म्हणाला. "क्लायंटने परवाच ॲप्रूव्ह केली."

"अरे पण तो बोललाय ते?"

"जान्हवी, लोक म्यूटवर बघतात यार."

काकाला मी टेम्पोपाशी गाठलं. "काका, हे कशाला घातलंस?"

"अगो, असाच असता ता. आधी कबुली, मग शब्द, मग मागणा. मी काय मधला गाळून पुढे जाव? पंक्तीत भाताआधी ताक वाढतत काय?" मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "मिशी बरी दिसली मा?"

स्लाइड ५: प्रतिसाद

कोकण म्यूटवर बघत नाही.

कुडाळ, देवगड, परळ, भांडुप, दिंडोशी, दुबई, मस्कत. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. मधेच कुणीतरी 'हे काका कोणाचे? आमच्या आत्याच्या गावचे वाटतत.' मधेच कुणीतरी 'शाम्पू लावून पण केस गळतात, त्याचं गाऱ्हाणं कुठे घालू?' पैसे द्यायची मर्यादा दुसऱ्याच संध्याकाळी संपली. कमेंटी थांबेनात. चैतन्यने ऑफिसात केक कापला. केकवर कासव होतं.

नाहूरला काका बाजारात गेला की कोळणी त्याला हाका मारायच्या. "ओ म्हाराजा, इकडे बघा, बांगडा ताजा!" तो मुद्दाम उलटसुलट वाटेने घरी यायचा. काकू म्हणाली, "चार दिवस झाले, नुसतीच मासळी. कोथिंबीर आणूक जाणा नाय हो माणूस, थंय कोण ओळखणा नाय म्हणून."

मग कणकवलीच्या एका शिक्षिकेने घरबसल्या रीलवर खरी सबटायटलं चढवली. मराठीत आणि इंग्रजीत. वाक्याला वाक्य. आणि वर लिहिलं: अभिनंदन फेनाली! देशातली पहिली शाम्पू कंपनी, जिने पुड्या बंद करायचा शब्द थेट समुद्राला दिला.

तेसुद्धा लोकांनी म्यूटवर बघितलं. पण आता काका खरं काय बोलला ते वाचता येत होतं.

स्लाइड ६: कृपया ही स्लाइड पुढे पाठवू नये

हर्षदभाई: "कोण म्हणालं पुड्या बंद? कोण म्हणालं? माझा निम्म्याहून जास्त धंदा पुडीत आहे!"

चैतन्य: "सर, इट्स अ फोक फॉर्म."

हर्षदभाई: "माझ्या चेअरमनच्या बायकोने मला अभिनंदनाचा मेसेज केलाय! तिला काय सांगू, फोक फॉर्म?"

ठरलं असं: रील काढायचं. पण नुसतं काढलं तर पळालो असं दिसेल. म्हणून समुद्र दिनाला, त्याच किनाऱ्यावर, त्याच काकाने, लाइव्ह सांगायचं की तो शब्द कंपनीचा नव्हता. शब्द मागे.

चैतन्य मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. तिसऱ्यांदा. "तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं काय, ते सगळं आता यावर आहे," तो म्हणाला. "तू समजून घे ना."

मी नाहूरला घरी गेले. काका जेवत होता, फोनवर स्वतःचं गाऱ्हाणं चालू होतं. मी फोन बंद केला आणि सगळं सांगितलं. काका घास घेऊन तसाच बसला.

"मागे?" तो म्हणाला. "गाऱ्हाणा मागे घेवक तो काय कुरिअर आसा?"

"काका, काहीच मार्ग नाही का?"

"एक आसा. ज्याच्या नावान घातला, तेना देवासमोर, नारळ हातात घेवन, आपल्या तोंडान सांगूचा, की माझ्याच्यान होणा नाय. मग शब्द सुटता."

"मग हर्षदभाईंना उभं करू. ते सांगतील. तू फक्त सुरुवात कर."

"व्हय. करूया." काकाने घास ताटात ठेवला. "तुझी नोकरी जावक नको."

"आणि तुमचा तोंड?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. "ता खोटा पडतला तेचा काय? भूमिपूजन?"

काका हात धुवायला उठला. बेसिनपाशी पाठमोरा उभा राहून म्हणाला, "भूमिपूजनाक दशरथ आसा. तो वाचता बरो."

इतकी वर्षं मी काकाच्या तोंडून दशरथबद्दल चांगला शब्द ऐकला नव्हता. काकूने त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकलं.

स्लाइड ७: लाइव्ह

वर्सोवा, जागतिक समुद्र दिन. फेनालीच्या निळ्या टीशर्टातले पन्नासएक कर्मचारी, हातमोजे घातलेले. पुन्हा चंद्रप्रकाशचा टेम्पो. आणि ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं ती माणसं: नाहूरची आमची आख्खी इमारत, भांडुपचं महिला मंडळ, आणि सगळ्यात पुढे दशरथ. चण्याची पुडी हातात, नंदू घाडीगावकराचं तोंड खोटं पडताना डोळ्यांनी बघायला आलेला.

हर्षदभाईंच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात कार्ड. कार्डावरचा मजकूर लीगलने लिहिला होता. लीगलची एकच ताकीद होती: काहीही झालं तरी 'पुडी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

माझं काम होतं हातात माईक घेऊन योग्य जागी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, म्हणजे बाकीचे मागोमाग म्हणतील.

काकाने मिशीला कलप लावला नव्हता. पांढरी दिसत होती. पहिल्यांदाच बघितली मी.

"बा देवा समुद्रा, बारा गावच्या, बारा बंदरांच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मला माईकची गरजच पडली नाही.

"आज ह्या तुझा लेकरू परत तुझ्या दारात इलासा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका काय सांगूचा आसा, ता तो आपल्या तोंडान सांगतलो. तू ऐकान घे!"

"व्हय म्हाराजा!"

काकाने माईक हर्षदभाईंसमोर धरला आणि मान खाली घातली.

हर्षदभाईंनी वाचलं, "सदर सादरीकरण हे कलात्मक स्वरूपाचे असून त्यातील विधाने ही कंपनीची अधिकृत भूमिका मानण्यात येऊ नये."

लाट आली आणि गेली.

चैतन्य टेम्पोमागून मला हात करत होता. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा." हो, म्हटलं. एकटीने. स्पीकरमधून ते 'उद्या पाणी येणार नाही' अशा थाटात किनाराभर पसरलं. कुणीही मागोमाग म्हटलं नाही. निळ्या टीशर्टवाल्यांनीसुद्धा नाही. आमच्या इमारतीने माझ्याकडे बघितलं. काकूने बघितलं नाही, ते जास्त वाईट होतं.

हर्षदभाईंनी घसा साफ केला. "आम्ही समुद्रासोबत आहोत."

काही नाही.

"ही एक जर्नी आहे."

काही नाही.

"ओ शेठ!" दशरथ. चण्याची पुडी वर धरून. "पुड्यो बंद करतलात की नाय, तेवढा सांगा! हो की नाय!"

"आम्ही... त्या दिशेने..."

"दिशा कित्याक? समुद्र हयसर आसा, तुमच्या समोर!"

भांडुपचं महिला मंडळ हसलं. लाइव्हवर कमेंटी इतक्या वेगाने वर सरकत होत्या की वाचता येईना. हर्षदभाई नारळाकडे बघत होते. मागे घ्यायचं तर मोठ्याने म्हणायला हवं होतं की आम्ही पुड्या बंद करणार नाही, आम्ही त्या समुद्रात जाऊ देणार आहोत. एवढं एकच वाक्य. कंपनीत रोज सगळे त्याच वाक्यावर काम करत होते, पण ते कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"बघू," हर्षदभाई म्हणाले.

"साहेब," काका हळूच म्हणाला, "बघू गाऱ्हाण्यात बसणा नाय."

हर्षदभाई काकाच्या कानाशी वाकले. माईक चालू होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. "काका, हे बोललो तर लोक मारतील. नाही बोललो तर चेअरमन."

काकाने त्यांच्याकडे नीट बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग त्याने माईक बाजूला केला, पण आता सगळे ऐकत होते, त्यामुळे ऐकू आलंच.

"मग बोला नको, बाबा. नारळ खाली ठेव आणि घराक जा. शब्द आसा तसो रवांदे. मी कोणाचा काय मागे घेवक नाय."

"व्हय म्हाराजा!" अख्खा किनारा ओरडला, आणि त्यात निळे टीशर्टसुद्धा होते.

हर्षदभाईंनी नारळ वाळूत ठेवला, अगदी अंडं ठेवावं तसा. लाइव्ह बंद झालं.

मी दशरथला गाठलं. "तुमचं काय जात होतं हो? काकाचं तोंड खोटं पडलं असतं तर भूमिपूजन तुमचंच होतं."

"अगो बाय," दशरथ चणे माझ्यापुढे करत म्हणाला, "उद्या जो तो गाऱ्हाणी मागे घेवक लागलो, तर माझा कार्ड कोण खिशात घालतलो? तुझ्या काकाचा आणि माझा काय ता आमी बघतलो. पण धंदो ऱ्हवाक व्हयो."

स्लाइड ८: निष्कर्ष

रील काढलं. ते तोपर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये होतं. कंपनीने 'पुड्यांबाबत योग्य वेळी कळवू' असं पत्रक काढलं, म्हणजे 'बघू'चंच प्रमाण मराठी. मर्यादेपर्यंतचे पैसे संस्थेला मिळाले. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. निरोपाला चैतन्यने मला कासवाचं सॉफ्ट टॉय दिलं. "तुझं चुकलं नाही," तो म्हणाला, "पण तू त्या व्हय म्हाराजाला जरा जीव ओतायला हवा होतास यार."

मी कासव घेतलं आणि सुटले.

(इथे स्लाइड संपल्या. नाहूरला प्रोजेक्टर नाही.)

सोसायटीची तातडीची मीटिंग गच्चीवर. विषय एकच: शब्द मागे घेतला गेला नाही, पण पाळलाही गेलेला नाही. तर मग नंदू घाडीगावकराचं तोंड खरं की खोटं? दुसऱ्या मजल्यावरचे अंबादास मास्तर म्हणाले, मुदत एक वर्षाची आहे, ती संपेपर्यंत तोंड खरंच धरावं लागेल. तळमजल्याने हरकत घेतली. बत्तीस बिऱ्हाडं, बत्तीस मतं. काका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता, कुणाकडे न बघता. कलप अजूनही लावलेला नव्हता.

तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन वाजला. बिल्डरच्या ऑफिसातून. त्यांनी स्पीकर लावला.

"भूमिपूजन एकदम झकास करू साहेब," पलीकडचा माणूस म्हणत होता. "मांडव आमचा, जेवण आमचं. फक्त ते गाऱ्हाणं... आमच्या साहेबांनी ते वर्सोव्याचं लाइव्ह पाहिलं. तर ते काका नकोत. दुसरे कुणी असतील तर बघा. किंवा मग काय बोलणार ते आधी लेखी पाठवा. आमचे वकील बघतील."

सेक्रेटरींनी फोन ठेवला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाई, ज्यांनी कराराला शेवटपर्यंत विरोध केला होता, त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अरे, तो बिल्डर घाबारलो!"

आणि मग जे झालं त्याला मीटिंग म्हणता येणार नाही. सगळे टाकीकडे धावले.

"नंदूभाऊ, टॉवर होईपर्यंत बिल्डर भाडं वेळेवर देणार, ते घाला!"

"चटई क्षेत्र! कार्पेट कार्पेट म्हणून फसवतात!"

"माझी खिडकी पूर्वेला!"

"अरे, गाऱ्हाणा आसा की मागणीपत्र?" काका ओरडला, पण त्याच्या आवाजाला वळसे पडू लागले होते. काकू माझ्याकडे बघून म्हणाली, "जा गो, खालून कलपाची पुडी घेवन ये." आणि मग थांबून, "बाटली मिळाली तर बाटली."

सोसायटीने कळवलं, गाऱ्हाणं नंदू घाडीगावकरच घालणार आणि लेखी काही मिळणार नाही. तेव्हा भूमिपूजनाला बिल्डरने भाचा पाठवला. सोसायटीने त्याला शरबत देऊन परत पाठवलं. ज्याच्या नावाने गाऱ्हाणं, तोच हजर पाहिजे. तासाभराने पांढऱ्या गाडीतून साहेब स्वतः उतरले, सोबत काळ्या कोटातले वकील. दशरथ मांडवाच्या दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला कार्ड देत होता. कॅटरिंगची बाजू वर.

साहेबांच्या हातात नारळ दिला. त्यांनी तो गरम बटाट्यासारखा या हातातून त्या हातात केला.

"ही फक्त परंपरा आहे ना?" त्यांनी हसत विचारलं.

"व्हय व्हय," काका म्हणाला. मिशी काळी कुळकुळीत. "फकस्त परंपरा." आणि त्याने माईक हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, नाहूरच्या, चार मजल्यांच्या, बत्तीस उंबऱ्यांच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांडवाचे बांबू हलले. त्यात माझाही आवाज होता, बिनमाइकचा, आणि या वेळी काकूने वळून बघितलं.

"आज ह्या तुझा लेकरू हातात नारळ घेवन उभा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेना आजपर्यंत दुसऱ्या सोसायट्यांका कळत-नकळत जो काय उशीर केल्यान, तो अपराध तू पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"आणि ह्या लेकरू तीन वर्साच्या आत प्रत्येकाच्या हातात चावी देतला! तोवर एका म्हयन्याचा भाडा चुकवचा नाय! तसो शब्द ह्या नारळावर हात ठेवन देता!"

साहेब झटकन वकिलांकडे वळले. वकील कणकवलीचे होते. त्यांनी डोळे मिटले होते, हात जोडले होते, आणि साहेबांनी काही विचारायच्या आत त्यांच्या तोंडून, सवयीने, निघून गेलं होतं.

"व्हय म्हाराजा!"